दुसऱ्याच्या देशात सैन्य पाठवणं: कायदा काय म्हणतो, न्याय काय म्हणतो

१८ डिसेंबर १९६१. भारतीय सैन्य गोव्यात शिरून पुरता एक दिवसही झाला नव्हता आणि तिकडे न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची तातडीची बैठक बसली होती. तक्रार पोर्तुगालची होती. अमेरिकेचे प्रतिनिधी अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी त्या बैठकीत भारतावर कडाडून टीका केली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मृत्यूने संपू शकेल अशा नाटकाचा पहिला अंक आपण पाहत आहोत, असं ते म्हणाले. ते काही भारताचा द्वेष करणारे गृहस्थ नव्हते. त्यांचा मुद्दा कायद्याचा होता: एका देशाने लष्कर वापरून दुसऱ्याच्या ताब्यातला प्रदेश घेतला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत हे बसत नाही.

आपल्याकडे हीच घटना ‘गोवा मुक्ती’ म्हणून शिकवली जाते. रास्तच आहे. पण ज्याला आपण मुक्ती म्हणतो त्याला जगातल्या अनेकांनी आक्रमण म्हटलं होतं, हे शाळेत कुणी सांगत नाही. दहा वर्षांनी पूर्व पाकिस्तानात भारतीय सैन्य गेलं तेव्हाही तसंच झालं. म्हणून हा विषय समजून घ्यायला इराक किंवा युक्रेनपासून सुरुवात करण्याची गरज नाही. या दोन घटनांकडे नीट पाहिलं तर जवळजवळ सगळं हाती लागतं.

आधी कायदा पाहू. तो वाटतो तेवढा किचकट नाही.

दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, जून १९४५मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सह्या झाल्या. तिच्यातलं कलम २, उपकलम ४ हा या सगळ्या चर्चेचा गाभा. कोणत्याही देशाने दुसऱ्या देशाच्या भौगोलिक अखंडतेविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळाचा वापर करायचा नाही, तशी धमकीही द्यायची नाही. त्याच कलमाचं सातवं उपकलम संयुक्त राष्ट्रांनाच बजावतं की देशांच्या अंतर्गत कारभारात नाक खुपसू नका. अपवाद दोनच. एक, कलम ५१: तुमच्यावर सशस्त्र हल्ला झाला तर सुरक्षा परिषद पावलं उचलेपर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क तुम्हाला आहे, आणि मित्रदेश तुमच्या मदतीला येऊ शकतात. दुसरा अपवाद सनदेच्या सातव्या प्रकरणात आहे. जागतिक शांततेला धोका आहे असं सुरक्षा परिषदेने ठरवलं तर ती लष्करी कारवाईला मान्यता देऊ शकते. याशिवाय एखाद्या देशाच्या सरकारने स्वतःच बोलावलं तर तिथे सैन्य नेणं बेकायदा ठरत नाही. मालदीवमध्ये नोव्हेंबर १९८८मध्ये भाडोत्री सैनिकांनी बंड केलं, राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि काही तासांत भारतीय पॅराट्रूपर तिथे उतरले. त्यावर कायद्याचा वाद झाला नाही.

आता या यादीत काय नाही ते बघा. ‘तिथलं सरकार आपल्याच लोकांना मारतंय’ हे कारण यादीत नाही. ‘तिथे हुकूमशाही आहे’ हेही नाही. ‘तो प्रदेश इतिहासाने आमचा आहे’ हे तर नाहीच.

हे वाचून पहिली प्रतिक्रिया संतापाची होते. लोक मरत असताना कायदा हात बांधून बसायला सांगतो? पण सनद लिहिणारी माणसं निर्दय नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर १९३८ साल होतं. चेकोस्लोव्हाकियातल्या सुडेटन भागात जर्मन भाषकांवर अत्याचार होतात, त्यांना वाचवलं पाहिजे, असं म्हणतच हिटलरने तो भाग गिळला होता. दुसऱ्याच्या देशातल्या पीडितांना वाचवायला निघालो आहोत, हे आक्रमकाचं सर्वांत लाडकं कारण असतं. ते कायद्यात लिहून दिलं की प्रत्येक बलाढ्य देश तेच पुढे करणार. म्हणून दार मुद्दाम घट्ट लावलं गेलं. आणि दार घट्ट असण्याचा फायदा बड्या देशांना नसतो, लहान देशांना असतो. अमेरिकेला किंवा रशियाला स्वतःच्या संरक्षणासाठी या कलमाची गरज नाही. भूतानला आहे.

खरी अडचण निराळीच आहे. गावात मारामारी झाली तर पोलीस येतात, कोणाच्या बाजूने यायचं हे ते मतदानाने ठरवत नाहीत. इथे पोलिसाचं काम पंधरा देशांच्या परिषदेकडे आहे आणि त्यातल्या पाच कायम सदस्यांपैकी (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) कोणीही एकाने ‘नाही’ म्हटलं, म्हणजे नकाराधिकार वापरला, की सगळं ठप्प. अत्याचार करणारा त्या पाचांपैकी एक असेल, किंवा एकाचा मित्र असेल, तर परिषद हलत नाही. कायद्यातला मधला रस्ता बंद होतो आणि मग कायदा पाळायचा की माणसं वाचवायची, असा प्रश्न उभा राहतो.

आता गोव्याकडे वळू. पोर्तुगालचं म्हणणं असं होतं की गोवा ही वसाहतच नाही. १९५१मध्ये तिथला हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने आपल्या घटनेत बदल करून वसाहतींना ‘समुद्रापलीकडचे प्रांत’ ठरवलं होतं. म्हणजे मडगाव हे लिस्बनइतकंच पोर्तुगाल. हे मान्य केलं तर भारताने एका सार्वभौम देशावर हल्ला केला हे उघड होतं. भारताचे प्रतिनिधी चंद्रशेखर झा यांनी परिषदेत नेमका हा पायाच नाकारला. साडेचारशे वर्षांपूर्वी बळाने घेतलेल्या जमिनीवर कसलं आलंय सार्वभौमत्व, असा त्यांचा सूर होता. सनद असो वा नसो, परिषद असो वा नसो, वसाहतवाद संपवणं ही आमची श्रद्धा आहे, इथपर्यंत ते बोलले.

भारताच्या बाजूला एक भक्कम आधार होता. बरोबर एक वर्ष आधी, डिसेंबर १९६०मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने (सर्व सदस्य देशांच्या सभेने) वसाहतींना स्वातंत्र्य देण्याविषयीचा ठराव, क्रमांक १५१४, मंजूर केला होता. दुसऱ्याच दिवशीच्या ठरावात पोर्तुगालच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादी होती आणि तिच्यात गोवा होतं. त्यामुळे ‘हा आमचा प्रांत आहे’ हा दावा जगाने आधीच खोडला होता. पण वसाहत सोडली पाहिजे असं म्हणणं वेगळं आणि ती सैन्य पाठवून सोडवता येते असं म्हणणं वेगळं. पहिली गोष्ट ठरावात आहे, दुसरी नाही. भारताने अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ जहाजावर झालेल्या गोळीबाराचंही कारण दिलं. पण तेवढ्यावर एका पूर्ण प्रदेशाचा ताबा घेणं स्वसंरक्षणात बसवायचं तर बरीच ओढाताण करावी लागते.

युद्धबंदी करा आणि सैन्य मागे घ्या असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने आणला. तेव्हा परिषदेत अकराच सदस्य होते. सात मतं ठरावाच्या बाजूने पडली, चार विरोधात. त्या चारांत सोव्हिएत संघ होता, म्हणून ठराव पडला. उरलेले तिघे होते सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). ही मतविभागणी डोळसपणे वाचली पाहिजे. वसाहती ज्यांनी केल्या ते एका बाजूला आणि वसाहतवादाचे चटके जवळून पाहिलेले दुसऱ्या बाजूला, असंच ढोबळ चित्र होतं.

माझं मत स्पष्ट आहे: सनदेच्या अक्षराला धरून पाहिलं तर गोव्याची कारवाई बसत नाही, आणि तरीही ती योग्य होती. भारत चौदा वर्षं थांबला होता. नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्यासारखी माणसं १९५५मध्ये सत्याग्रहींसोबत निःशस्त्र गोव्याच्या हद्दीत गेली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, त्यात वीसहून अधिक माणसं मेली. सालाझारशी वाटाघाटीला जागाच नव्हती. आणि प्रत्यक्ष कारवाई दीड-दोन दिवसांत संपली. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा लिस्बनचा आदेश न पाळता शरणागती पत्करली. दोन्ही बाजूंचे मिळून काही डझन सैनिक गेले. पणजीची राखरांगोळी झाली नाही, याचं बरंचसं श्रेय त्या पोर्तुगीज अधिकाऱ्याचं आहे, आणि मायदेशी त्याला त्याची शिक्षाही भोगावी लागली.

तरी एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. पोर्तुगालचं राज्य हवं की भारताचं, हे गोव्याच्या लोकांना मतपेटीतून विचारलं गेलं नाही. तिथला स्वातंत्र्यलढा खरा होता, १८ जून १९४६ला मडगावात लोहियांच्या सभेला जमलेली माणसं खरी होती. पण मतदान झालं ते १६ जानेवारी १९६७ला, आणि तेव्हा प्रश्न होता महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही. गोवेकरांनी ‘नाही’ म्हटलं. विलीनीकरण होणारच असं गृहीत धरलेल्या आपल्याकडच्या अनेकांना तो धक्का होता. ज्यांच्यासाठी आपण काही करतोय असं आपल्याला वाटतं त्यांना विचारलं, तर उत्तर आपल्या अपेक्षेसारखं येईलच असं नाही.

१९७१ची गोष्ट याहून फार मोठी आणि फार अवघड आहे.

डिसेंबर १९७०च्या निवडणुकीत शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातल्या १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या. अख्ख्या पाकिस्तानच्या संसदेत त्यांचं स्पष्ट बहुमत होतं. सत्ता देण्याऐवजी याह्या खान यांच्या लष्करी राजवटीने २५ मार्च १९७१च्या रात्री ढाक्यात ‘ऑपरेशन सर्चलाइट’ सुरू केलं. विद्यापीठाची वसतिगृहं, पोलिसांच्या बराकी, जुन्या ढाक्यातल्या हिंदू वस्त्या यांवर सैन्य तुटून पडलं. पुढच्या नऊ महिन्यांत किती माणसं मारली गेली याचे आकडे वादग्रस्त आहेत. बांगलादेशाचा अधिकृत आकडा ३० लाख आहे, इतर अंदाज त्याहून बरेच खाली आहेत. पण बहुतेक गंभीर अंदाज लाखांतच आहेत. ढाक्यातले अमेरिकेचे वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी ६ एप्रिलला आपल्याच सरकारचा निषेध करणारी तार वॉशिंग्टनला धाडली. जूनमध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये अँथनी मस्करेन्हास यांचा वृत्तांत आला आणि जगाचे डोळे उघडले. ते कराचीत काम करणारे गोमंतकीय वंशाचे पत्रकार होते. पाकिस्तानी लष्कराने त्यांना सगळं सुरळीत असल्याचं लिहायला तिकडे नेलं होतं. त्यांनी आधी बायकामुलांना लंडनला पोहोचवलं, मग जे पाहिलं ते लिहिलं.

सीमा ओलांडून भारतात येणाऱ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. कलकत्त्याजवळच्या सॉल्ट लेकमध्ये, शहराच्या कामासाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या मोठाल्या पाइपांमध्ये कुटुंबं राहत होती. पाइपाच्या तोंडाशी चूल, आत अंथरूण, बाहेर चिखल. छावण्यांत पटकीची साथ आली. देशभर पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, त्यावर शरणार्थी कुटुंबाचं चित्र असायचं. ज्यांच्या घरी जुनी पत्रं जपून ठेवलेली आहेत त्यांना ते अजून सापडेल.

या परिस्थितीत भारताने काय केलं ते क्रमाने पाहिलं पाहिजे, कारण नैतिक निवाडा त्या क्रमावर अवलंबून आहे. आधी जगाला हाका मारल्या. जयप्रकाश नारायण देशोदेशी फिरले. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींनी युरोप आणि अमेरिकेचा दौरा केला. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन ढिम्म राहिले, कारण त्यांना चीनशी सूत जुळवायचं होतं आणि ती वाट पाकिस्तानातून जात होती. ऑगस्टमध्ये भारताने सोव्हिएत संघाशी करार केला. आणि याच काळात भारत पाकिस्तानी लष्कराशी लढणाऱ्या बंगाली मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण आणि शस्त्रं पुरवत होता.

या शेवटच्या मुद्द्यावर आपण सहसा थांबत नाही. थांबलं पाहिजे. ऑक्टोबर १९७०मध्ये आमसभेने देशादेशांतल्या संबंधांची तत्त्वं सांगणारा जाहीरनामा एकमताने संमत केला होता. दुसऱ्या देशात घुसण्यासाठी सशस्त्र टोळ्या उभ्या करू नयेत, तिथल्या यादवीला खतपाणी घालू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. भारत त्यात सामील होता. वर्ष उलटायच्या आत त्याने नेमकं तेच केलं. २१ नोव्हेंबरला भारतीय सैन्य सीमेपलीकडे लढू लागलं होतं. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडच्या भारतीय विमानतळांवर हल्ले केले आणि भारताला कलम ५१चा आधार मिळाला. हल्ला झाला होता हे खरंच आहे. पण त्या हल्ल्याच्या उत्तरात ढाका गाठून एका देशाचे दोन देश करणं स्वसंरक्षणाच्या मापात कसं बसवायचं, हा प्रश्न कायद्याच्या अभ्यासकांनी विचारला आणि त्याचं सोपं उत्तर नाही.

भारताने आणखी एक युक्तिवाद केला, तो मला फार विचार करण्याजोगा वाटतो. एक कोटी माणसं आपल्या घरातून हाकलून शेजाऱ्याच्या अंगावर घालणं हेही आक्रमणच आहे. बंदुकीने नाही, माणसांच्या लोंढ्याने. भारताचे प्रतिनिधी समर सेन यांनी परिषदेत हे मांडलं, आणि पूर्व बंगालच्या लोकांची यातनांतून सुटका करणं हाच आमचा शुद्ध हेतू आहे असंही सांगितलं. यातला पहिला युक्तिवाद कायद्याने कधी स्वीकारला नाही. पण एका देशाचा ‘अंतर्गत मामला’ लाखोंच्या पायांनी सीमा ओलांडून दुसऱ्याच्या दारात येतो तेव्हा तो अंतर्गत कसा राहतो, याचं उत्तर कायद्याकडे आजही नाही.

जगाने काय केलं? सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाने दोनदा नकाराधिकार वापरला (तिसऱ्यांदा १३ डिसेंबरला). मग प्रश्न आमसभेत गेला. ७ डिसेंबरला युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावाच्या बाजूने १०४ देशांनी मत दिलं. विरोधात ११, तटस्थ १०. आपल्या बाजूला सोव्हिएत गट आणि भूतान. ज्या नवस्वतंत्र देशांचे आपण स्वतःला पुढारी समजत होतो त्यांच्यातले बहुतेक समोरच्या बाजूला होते. ते याह्या खान यांचे चाहते होते म्हणून नव्हे. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत एखादा प्रांत वेगळा व्हायची भाषा करत होता. आज पूर्व पाकिस्तान, उद्या आपण, ही भीती खरी होती. ज्या घट्ट दाराबद्दल वर लिहिलं, त्याच्याआड ते उभे होते.

आणि हेतूचं काय? भारताचा हेतू निव्वळ दयेचा नव्हता. पाकिस्तान दुभंगणं भारताच्या हिताचं होतं, हे दिल्लीत सगळ्यांना कळत होतं. काही लोक एवढ्यावरून निकाल देतात की हा सगळा स्वार्थ. मला ते पटत नाही. ज्याचा काहीच स्वार्थ नाही तो देश सहसा आपली मुलं मरायला पाठवतच नाही. हेतू किती निर्मळ होता यापेक्षा मी तीन गोष्टी बघतो. दुसरे मार्ग खरोखर चोखाळले होते का? कत्तल थांबली का? आणि काम झाल्यावर सैन्य परत आलं का? १९७१मध्ये तिन्हींचं उत्तर ‘हो’ आहे. १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि १२ मार्च १९७२ला ढाक्यात भारतीय सैन्याची निरोपाची परेड झाली. तीन महिनेही पूर्ण झाले नव्हते. जिंकलेल्या भूमीवरून इतक्या लवकर निघून जाणारी सैन्यं इतिहासात फार नाहीत. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोगाने १९७२मध्ये या घटनांचा अभ्यास केला, तेव्हा भारताच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यापेक्षा मानवतेसाठी हस्तक्षेप हा आधार त्यांना अधिक पटण्याजोगा वाटला. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की तो आधार सनदेत लिहिलेलाच नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं वजन किती आहे ते कंबोडियात दिसतं. डिसेंबर १९७८मध्ये व्हिएतनामने तिथे सैन्य घातलं आणि जानेवारीत पोल पॉटची राजवट उलथली. त्या राजवटीने देशातली सुमारे पाचवा हिस्सा माणसं संपवली होती. तिला थांबवणं चांगलंच झालं. पण व्हिएतनामी सैन्य १९८९पर्यंत तिथून हललं नाही, आणि सुटकेचं रूपांतर ताब्यात झालं. जगानेही लाज आणली: संयुक्त राष्ट्रांत कंबोडियाच्या खुर्चीवर पुढची कित्येक वर्षं पोल पॉटच्या गटाचाच प्रतिनिधी बसत राहिला.

मग १९९४ साल आलं आणि ‘काहीच न करणं’ किती महाग पडतं ते रवांडात दिसलं. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. संयुक्त राष्ट्रांचं शांतिपथक तिथे आधीपासून होतं. कत्तल सुरू झाल्यावर परिषदेने ते वाढवलं नाही, उलट दोन आठवड्यांत २७०वर आणायचं ठरवलं. इथे कोणाचं सार्वभौमत्व आड आलं नव्हतं आणि नकाराधिकारही कोणी वापरला नव्हता. फक्त इच्छा नव्हती. कायदा बदलला की सगळं सुटेल असं म्हणणाऱ्यांनी रवांडा विसरू नये.

रवांडाची बोच ताजी असतानाच १९९८मध्ये कोसोव्होत, म्हणजे तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या अल्बेनियन बहुसंख्य प्रांतात, सर्बियाची दडपशाही तीव्र झाली. १९९९मध्ये नाटोने परिषदेची परवानगी न घेता ७८ दिवस युगोस्लाव्हियावर बॉम्ब टाकले. नंतर नेमलेल्या एका स्वतंत्र आयोगाने निष्कर्ष काढला: बेकायदेशीर, पण समर्थनीय. भारताने त्या वेळी नाटोला कडाडून विरोध केला होता. बॉम्बफेक थांबवा असा ठराव रशियाने आणला, त्याला भारताने साथ दिली. तीन विरुद्ध बारा मतांनी तो पडला. १९७१ करणाऱ्या देशाने १९९९मध्ये असं का बोलावं? याला दुटप्पीपणा म्हणणं सोपं आहे. मला वाटतं दिल्लीला कोसोव्होत काश्मीर दिसत होतं. उद्या कोणी ‘मानवी हक्कां’चं नाव घेऊन आपल्यावर चालून आलं तर? म्हणजे १९७१मध्ये भारताविरुद्ध मत देणाऱ्या १०४ देशांची जी भीती होती, तीच आता भारताची होती.

हा तिढा सोडवायला २००१मध्ये कॅनडाच्या पुढाकाराने नेमलेल्या आयोगाने एक नवा विचार मांडला: सार्वभौमत्व हा नुसता हक्क नाही, ती जबाबदारी आहे. आपल्या लोकांचं रक्षण करणं हे सरकारचं काम. ते जमत नसेल किंवा तेच लोकांवर उठलं असेल तर ही जबाबदारी जगावर येते. २००५च्या शिखर परिषदेत सगळ्या देशांनी हे तत्त्व मान्य केलं. वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक निर्मूलन आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे, या चारच गोष्टींसाठी, आणि तेही सुरक्षा परिषदेच्या मार्फतच. म्हणजे शेवटची किल्ली पुन्हा त्याच पाच जणांकडे.

हे तत्त्व सर्वांत मोठ्या कसोटीला लागलं ते लिबियात. १७ मार्च २०११ला परिषदेने ठराव १९७३ संमत करून नागरिकांच्या रक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ करायला मुभा दिली. बाजूने दहा, तटस्थ पाच, त्यांत भारतही होता. कायद्याच्या दृष्टीने यात खोट नव्हती. पण बेनगाझी शहर वाचवायला निघालेली विमानं हुकूमशहा गद्दाफीची सत्ता जाईपर्यंत थांबली नाहीत. ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मारला गेला, आणि देश अनेक वर्षं सशस्त्र टोळ्यांच्या हाती राहिला. रशिया आणि चीन म्हणाले, आम्हाला फसवलं, आणि पुढे सीरियाच्या प्रश्नावर त्यांनी एकामागून एक नकाराधिकार वापरले. त्याची किंमत सीरियातल्या माणसांनी मोजली. परवानगी होती, तरी निकाल वाईट.

यजमान सरकारची संमती असूनही काय होऊ शकतं, हे आपण श्रीलंकेत भोगलं. जून १९८७मध्ये भारतीय विमानांनी श्रीलंकेच्या विरोधाला न जुमानता जाफन्यावर मदतीची पोती टाकली, हे सरळसरळ हवाई हद्दीचं उल्लंघन होतं. पुढच्याच महिन्यात करार झाला आणि शांतिसेना रीतसर निमंत्रणावर गेली. मग ज्या तमिळांच्या रक्षणाला गेलो त्यांच्यातल्याच ‘तमिळ वाघां’शी (एलटीटीई या सशस्त्र संघटनेशी) युद्ध जुंपलं. अकराशेहून अधिक भारतीय जवान गेले. जाफना रुग्णालयात ऑक्टोबर १९८७मध्ये रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या, त्याचा आरोप भारतीय सैनिकांवर आहे. निमंत्रण होतं म्हणून ते मृत्यू हलके होत नाहीत. शेवटी श्रीलंकेनेच निघा म्हटलं आणि मार्च १९९०मध्ये सैन्य परतलं.

इराक आणि युक्रेनवर फार शब्द खर्च करायची गरज नाही. २००३मध्ये अमेरिकेने ज्या संहारक शस्त्रांचं कारण दिलं ती सापडली नाहीत. हे युद्ध सनदेला धरून नव्हतं आणि आमच्या दृष्टीने बेकायदा होतं, असं महासचिव कोफी अन्नान पुढच्या वर्षी म्हणाले. फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला करताना कलम ५१ही पुढे केलं आणि पूर्व युक्रेनमधल्या डोनबासमधला कथित वंशसंहारही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मार्चमध्येच अंतरिम आदेशात म्हटलं की वंशसंहारविरोधी करार एका देशाला दुसऱ्यावर एकतर्फी बळ वापरायला मुभा देतो हे शंकास्पद आहे. या दोन्ही ठिकाणी सनदेतले शब्द उसने घेतले होते, त्यामागचं वास्तव नव्हतं. भारत युक्रेनच्या ठरावांवर तटस्थ राहिला. रशियाने १९६१ आणि १९७१मध्ये आपल्याला वाचवलं याची जाण ठेवणं मी समजू शकतो. पण शेजाऱ्याकडून गिळंकृत होणाऱ्या देशाबद्दल गप्प बसणं मला अजून पटलेलं नाही.

मग कायद्यातच नवा अपवाद लिहावा का? माझं उत्तर ‘नको’ असं आहे, आणि ते मी १९७१ योग्य मानत असूनही आहे. अपवाद लिहिला की तो सर्वांत आधी वापरणार तो ज्याच्याकडे विमानवाहू नौका आहेत तो. कायदा कडकच राहू द्यावा. एखाद्या देशाला खरोखर वाटलं की आता नियम मोडल्यावाचून माणसं वाचत नाहीत, तर त्याने तो उघडपणे मोडावा, कारण जगासमोर सांगावं, टीका सोसावी आणि काम होताच परतावं.

कारण पुढे जग जे करतं तेही पाहण्यासारखं आहे. १०४ देशांनी भारताविरुद्ध मत दिलं, पण बांगलादेशाला मान्यता द्यायला त्यांतल्या बहुतेकांनी दोन-तीन वर्षंही लावली नाहीत. पाकिस्तानने फेब्रुवारी १९७४मध्ये मान्यता दिली, सप्टेंबरमध्ये बांगलादेश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. त्याच वर्षी लिस्बनमध्ये क्रांती झाली, सालाझारची परंपरा संपली आणि डिसेंबरअखेर पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. ‘तुम्ही केलं ते कायदेशीर होतं’ असं कोणी म्हटलं नाही. फक्त हरकत घेणं थांबलं.

आणि त्याच १९७४मध्ये तुर्कस्तानने सायप्रसमध्ये सैन्य उतरवलं. कारण पोकळ नव्हतं: ग्रीसच्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्याने तिथे पाच दिवस आधी बंड झालं होतं, तुर्की वस्तीच्या जिवाला धोका होता, आणि १९६०च्या हमी कराराचा आधारही होता. २० जुलैला सैन्य उतरलं तेव्हा अनेकांना ते समजण्यासारखं वाटलं. पण ऑगस्टमध्ये दुसरी चढाई करून त्यांनी बेटाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग घेतला आणि तिथे ठाण मांडलं. १९८३मध्ये उत्तरेत वेगळं राष्ट्र जाहीर झालं, ते सुरक्षा परिषदेने अवैध ठरवलं. त्याला मान्यता देणारा देश आजवर एकच आहे, तुर्कस्तान. सैन्य अजून तिथेच आहे.